पुस्तकांची फॅट काढणारी बाई

आमच्या सारीबेलच्या वाचनालयात अकरा हजार पुस्तकं आहेत. त्यांतल्या दोन हजारांचा निकाल लागलेला आहे, बाकीची रांगेत उभी आहेत. परीक्षक एकच, उमसुनाय एजे; एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. वय सहासष्ट, उंची बेताची, चष्मा जाड, शिक्षण दूध तपासणीच्या सहा महिन्यांच्या कोर्सपर्यंत. मी इथली ग्रंथपाल. सत्तावीस वर्षं खुर्चीवर आहे, पदवी आहे, भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं आहे. पण "जिपार, हे पुस्तक कसं आहे गं?" असं मला आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. लोक पुस्तक उघडतात तेच मागच्या बाजूने, एजेची पावती बघायला.

ही पावती दूध डेअरीची. एजेने गावच्या डेअरीत बावीस वर्षं दुधाची फॅट काढली. डेअरी बंद पडली तेव्हा ज्याला जे सापडलं ते त्याने उचललं. कुणी नळ नेले, कुणी फरशा, मॅनेजरने ट्रक नेला. एजेने कोऱ्या पावत्यांचे चार गठ्ठे नेले आणि गावभर हसं करून घेतलं. पावतीवर रकाने छापलेले आहेत: पुरवठादार, तारीख, फॅट, आम्लता, शेरा. खाली दोन शब्द, 'स्वीकारलं' आणि 'परत'. त्यांतला एक खोडायचा. बाई पुरवठादाराच्या रकान्यात लेखकाचं नाव घालते आणि बाकीचं पूर्वीसारखंच भरते. पहिली पावती पुस्तकात चिकटवलेली दिसली तेव्हा मी चिडले होते. सरकारी मालमत्ता आहे, असं सुनावलंसुद्धा. मग लक्षात आलं की त्या महिन्यात दुप्पट पुस्तकं बाहेर गेलीत, आणि मी डिंकाची बाटली तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.

धरण बांधणाऱ्यांवरची तीन खंडांची कादंबरी: 'फॅट १.१. पहिल्या खंडात सिमेंट कालवलं ते तिसऱ्यापर्यंत वाळलेलं नाही. परत.' मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवरचा प्रबंध: 'फॅट ४.१. लेखकाने मेंढी पाहिलेली आहे. स्वीकारलं.' ज्ञानकोशाचा जाडजूड खंड: 'घट्ट, पण नासलेलं. यातले निम्मे देश आता नाहीत.' प्रेमाची कादंबरी: 'फॅट २.४. दोघांनाही कामधंदा नाही, म्हणून एवढं प्रेम.' स्वयंपाकाचं पुस्तक: 'पान बासष्टवर मीठ चुकलंय. करून पाहिलं. शेजाऱ्यांना दिलं.' शब्दकोश: 'गोष्ट नाही. पण कुणावर खोटा आळही नाही. स्वीकारलं.'

रहस्यकथांवरून मात्र गावात खरोखर भांडणं झाली. कारण बाई शेऱ्यात लिहायची, 'खुनी डॉक्टर आहे. आता निवांत वाचा.' पोस्टमन माझ्या टेबलावर पुस्तक आपटून ओरडला, "ही बाई माणसाला जगू देणार आहे की नाही?" एजे खिडकीपाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दूध कशात नासलं ते आधी कळलेलं बरं. तू चारशे पानं उगाच पिणार होतास."

एकदा राजधानीतून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. स्वतःचं पाठ्यपुस्तक कपाटात दिसल्यावर त्यांना आनंद झाला, मागचं पान उघडल्यावर तो गेला. पावतीवर होतं, 'फॅट ०.९. लेखकाला विषय येतो, पण आपल्याला सांगायची त्याची इच्छा नाही.' त्यांनी पावती टराटरा फाडली. एजेने तिथेच दुसरी लिहिली: 'लेखकाने पावती फाडली. आम्लता जास्त.' मग चहा आला, आणि तिने प्राध्यापकांपुढे काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. आमच्याकडे माणूस बसावा असं वाटलं तर वाटी अर्धीच भरतात, म्हणजे त्याने पुन्हा मागावी. काठोकाठ वाटी म्हणजे उठा आता. राजधानीत राहून प्राध्यापक एवढं विसरले नव्हते, दोन घोटांत निघाले.

या बाईची जीभ अशी का, हे सारीबेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिची सुरुवातच घरच्या दुधापासून झाली.

एजे लग्न होऊन आली त्या वर्षी, १९७५ मध्ये, डेअरीत लागली. महिनाही झाला नव्हता. सकाळी रांग लागायची, घरोघरचे कॅन यायचे, ही नळीत दूध घ्यायची, लॅक्टोमीटर सोडायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. एके दिवशी रांगेत तिची सासू उभी, बुर्माके. गायीचं चांगलं दूध अठ्ठावीस डिग्री दाखवतं. सासूच्या कॅनने एकवीस दाखवली. एजेने दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं आणि पन्नास माणसांसमोर म्हणाली, "पाणी आहे. परत." सासूने पदराआडून नानचा तुकडा काढला आणि शपथ घेतली, एक थेंब जरी घातला असेल तर हीच नान मला मारो. नानची शपथ आमच्याकडे कुणी उगाच घेत नाही. सून म्हणाली, "लॅक्टोमीटरला नान कळत नाही."

झालं. त्या दिवसापासून सासूने सुनेच्या हातचा दुधाचा चहा घेतला नाही. एका घरात, एका चुलीवर, नऊ वर्षं कोरा चहा प्यायली आणि वारली. गावाचेही दोन तट पडले. काही म्हणायचे, म्हातारीने पाणी घातलं आणि नानची खोटी शपथ घेतली. काही म्हणायचे, सुनेने पहिल्याच महिन्यात सासूवर सूड उगवला. दोघीही आपापल्या जागी अडून बसलेल्या. एजे मला एकदा म्हणाली होती, "माझं यंत्र चुकलं असतं तर मी पाय धरले असते. पण ते चुकलं नव्हतं गं." पुढे दर गुरुवारी ती गेलेल्यांसाठी तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायची, सगळ्यांच्या नावाच्या वाट्या मांडायची आणि सासूच्या वाटीत कोरा चहा ओतायची. जिवंतपणी दुधाचा चालला नाही, मेल्यावर कशाला जबरदस्ती, असं तिचं म्हणणं.

आता मास्तर. सातिमकुल बैशेनोव, एजेचे यजमान, एक्काहत्तर वर्षांचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. स्वभाव इतका मऊ की वर्गातल्या पोरांनी त्यांच्या देखत नकाशाच्या होड्या केल्या. हे नाव मी घेते, एजे घेत नाही. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं आणि नवऱ्याचं नाव तोंडात आणत नाही, आणि जुन्या वळणाच्या बायका ते लिहीतही नाहीत. पोस्टात एकदा कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तर बाई "भूगोल" म्हणून मोकळी झाली. फारच अडलं तर मास्तरांचा पासपोर्ट पुढे करते. एरवी हाक मारायची तर 'मास्तर'.

तर हे मास्तर अकरा वर्षं एक पुस्तक लिहीत होते. सारीबेलमध्ये आता जो निवृत्त होतो तो पुस्तक छापतो, आधी लोक कबुतरं पाळायचे. सात पिढ्यांचे पूर्वज, त्यांचे घोडे, घोड्यांचे पूर्वज, शेवटी लेखकाचे सत्काराचे फोटो. मग छापलेल्या पुस्तकाचा दोरी-कापणीचा कार्यक्रम. मूल चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधून कापतो, म्हणजे ते पुढे अडखळत नाही, तसंच पुस्तकाला दोरी बांधायची आणि मानाच्या माणसाने कापायची. लेखकाच्या अंगावर झगा, डोक्यावर उंच पांढरी टोपी, मेंढी कापलेली, दहा-बारा भाषणं. सगळे एकेक प्रत घरी नेतात आणि त्यावर टीव्ही ठेवतात. वाचत कुणीही नाही. एजे सोडून.

मास्तरांचं पुस्तक सप्टेंबरात आलं, सहाशे चाळीस पानं, पाचशे प्रती. आपल्या कुळाचा इतिहास आणि आपल्या खोऱ्याचा भूगोल. दोरी-कापणी वाचनालयातच व्हायची होती. पहिली प्रत घेऊन ते माझ्याकडे आले. एजे खिडकीपाशी होती. पुस्तक तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "म्हातारे, पावती हवी."

"मास्तर, विचार करा," एजे म्हणाली. "घरचं म्हणून मी आकडा वाढवत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. म्हणूनच हवी. पावती मिळाल्याशिवाय दोरी कापायची नाही." मग थोडं घुटमळून म्हणाले, "फक्त मधलं गाळू नकोस. सगळं वाच."

ते गेल्यावर मी एजेला समजावलं. ऐंशी माणसांना आमंत्रणं गेलीत, जिल्ह्याचे उपप्रमुख येतायत, मेंढी ठरलीय. "एजे, साडेतीन लिहून टाका. कुणाचं काय जातं? म्हाताऱ्याने अकरा वर्षं घातलीत. नापास झाला तर तो आजारी पडेल."

"पडेल तर पडेल. सासूच्या वेळी नाही लिहिलं, आता लिहू? मग ती बिचारी माझ्या हातून उगाचच फुकट गेली म्हणायची."

गावाला मात्र ऊत आला. बेकरीपुढे लोक पैजा लावायला लागले, मास्तरांना किती मिळणार. पोस्टमनने एक पॉइंट दोनवर कोंबडी लावली.

एजे रोज दहाला यायची, शेगडीशेजारच्या खुर्चीवर बसायची आणि वाचायची. पहिले दोन दिवस नुसती नाकाने फुंकर मारत होती. तिसऱ्या दिवशी उठली, कपाटातून ज्ञानकोशाचा चौथा खंड काढून आणला आणि दोन्ही पुस्तकं माझ्यापुढे उघडली. "बघ. हिमनद्या. पान शहाण्णव ते एकशे चाळीस, शब्दाला शब्द. छपाईची चूकसुद्धा उतरवलीय यांनी. पाणी घालायचं तर निदान स्वच्छ घालावं!"

"आता हो?"

"आता काय? अर्धा टक्काही पडत नाही." ती खुर्चीत जाऊन बसली. तिचा चेहरा मात्र रागावलेला नव्हता. पडलेला होता. हा माणूस तिला आवडतो, ही गोष्ट तिने चव्वेचाळीस वर्षांत कुणाला कळू दिलेली नाही, पण मी समोरच बसते, मला दिसतं. त्याला नापास करायला तिचा हात वळत नव्हता आणि पास करायला तोंड वळत नव्हतं.

पाचव्या दिवशी साडेअकराला तिने पान उलटलं आणि थांबली. मी कार्डं लावत होते. बराच वेळ पानाचा आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं तर तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"जिपार, इकडे ये. हे मोठ्याने वाच. माझे डोळे आज बरोबर नाहीत."

पान तीनशे बारा. पुढची-मागची पानं पूर्वजांच्या घोड्यांची, आणि मधेच, कुठलाही मथळा नसताना, हे:

'त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे नवी सायकल होती. आईने सकाळचं दूध कॅनमध्ये भरून मला दिलं आणि ती रांगेत जागा धरायला पुढे गेली. पुलाजवळ शाळेतले सहकारी उभे होते. माझं नुकतंच लग्न झालं होतं, अंगात मस्ती होती. मी दोन्ही हात सोडून सायकल चालवून दाखवली आणि पडलो. चौथा हिस्सा दूध सांडलं. कालवा शेजारीच होता. कॅन भरून मी आईच्या हातात दिला. ती नानची शपथ घेत होती तेव्हा मी तिच्या मागे चार पावलांवर होतो. माझा गुडघा फुटला होता, तो मी टोपीने झाकला होता. संध्याकाळी सांगायचं ठरवलं. संध्याकाळी घरात दोघी दोन कोपऱ्यांत रडत होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. मग बटाटे काढायचे होते. मग नऊ वर्षं झाली आणि आई गेली. आईने पाणी घातलं नव्हतं. लॅक्टोमीटरही बरोबर होता.'

त्यापुढची बारा पानं बुर्माकेवर होती. ती गायीशी कशी बोलायची, कोरा चहा पिताना वाटी दोन्ही हातांत धरून कशी बसायची. कुठल्याही ज्ञानकोशातून उतरवलेलं नव्हतं. मी वाचता वाचता दोनदा थांबले. एजे शेगडीकडे बघत ऐकत होती.

"लबाड," ती शेवटी म्हणाली. "सहाशे चाळीस पानं खरडली आणि मधे हे पुरून ठेवलं. मी सोडून तीनशे बारापर्यंत कोण जाणार, हे पुरतं ठाऊक होतं यांना."

"एजे, कबूल तरी केलंय."

"माझ्याजवळ! माझ्याजवळ कबूल करून काय उपयोग? मला काय कुणी खोटं म्हटलं होतं? गावाने खोटं म्हटलं तिला!" आता तिचा आवाज चढला. "नऊ वर्षं, जिपार. मी तिच्यापुढे कोरा चहा ठेवायचे आणि मनात म्हणायचे, पी, नानची खोटी शपथ घेणारे, पी. ती मनात मला काय म्हणत असेल? आणि हा माणूस दोघींच्या मधे बसून साखर ढवळायचा!" मग ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते चांगलंच मोठ्याने होतं.

दुपारी मास्तरांना बोलावणं गेलं. ते दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि पुस्तक कुठल्या पानावर उघडं आहे ते त्यांनी लांबूनच पाहिलं.

"बसा," एजे म्हणाली. ते बसले. "पावती हवी ना? देते. पण एक अट आहे. कार्यक्रमात तुम्ही उभं राहायचं आणि पान तीनशे बारा मोठ्याने वाचायचं. पहिल्या शब्दापासून."

मास्तर पांढरे पडले. "अगं, ऐंशी माणसं येणार. उपप्रमुख येणार. पोरांच्या सासरची येणार."

"तेव्हा पन्नास होती. तीस जास्त झाली, ते व्याज समजा."

"तुला कळावं एवढंच होतं माझ्या मनात."

"मला कळलं. आळ चारचौघांत आला होता, तो चारचौघांतच उतरला पाहिजे. नाहीतर मेंढी परत पाठवा."

मास्तर उठून गेले. ते येतील की नाही याची मला खात्री नव्हती, आणि एजेलाही नव्हती, कारण त्या आठवड्यात तिने एकाही पुस्तकाची पावती लिहिली नाही.

शनिवारी वाचनालय गच्च भरलं. मास्तर आले. त्यांना झगा घातला, टोपी चढवली. टोपी मोठी होती, कानांवर येत होती. उपप्रमुखांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं, हे पुस्तक प्रत्येक घरातला दिवा आहे म्हणाले. त्यांच्या हातातल्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्या रांगेत काल्चा आजी बसली होती, त्र्याण्णव वर्षांची, बुर्माकेची मैत्रीण, त्या दिवशी रांगेत तिच्या मागेच उभी असलेली. भाषण चालू असताना ती घोरत होती.

मास्तर उभे राहिले. पुस्तक उघडलं. "माझी बायको म्हणाली एक पान वाचा, तर वाचतो." लोक हसले. पोस्टमन सगळ्यांत मोठ्याने हसला.

ते वाचायला लागले. सायकलपर्यंत लोक हसत होते. कालव्याला हसू थांबलं. नानच्या शपथेला मास्तर अडखळले. त्यांनी पाणी मागितलं नाही, पुन्हा त्याच ओळीपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं. 'आईने पाणी घातलं नव्हतं' हे त्यांनी दोनदा वाचलं. पानावर ते एकदाच आहे.

मग काल्चा आजीने काठी आपटली. ती केव्हा जागी झाली होती कोण जाणे.

"सातिमकुल, इकडे ये. खाली वाक."

एक्काहत्तर वर्षांचे मास्तर झगा सावरत तिच्यापुढे वाकले. आजीने हात उगारला आणि अशी एक ठेवून दिली की नवी कोरी टोपी उडून उपप्रमुखांच्या पायाशी पडली.

"ही बुर्माकेकडून," आजी म्हणाली. "मेल्या, तुझ्या देखत भांडले होते मी लोकांशी तिच्यासाठी. नंतर नंतर मलाही वाटायला लागलं होतं, घातलं असेल हिने." तिचे डोळे भरून आले. मग ती एजेकडे वळली. "आणि तू गं. तुझं यंत्र बरोबर होतं. पण तू एकदा तरी तिच्या शेजारी बसून कोरा प्यायला हवा होतास."

"हो आजी," एजे म्हणाली. तिने उलट उत्तर न दिल्याचा हा एवढाच प्रसंग मला माहीत आहे.

एजे पुढे आली. टेबलावर पावती ठेवली आणि सगळ्यांसमोर लिहायला लागली. लिहील ते मोठ्याने वाचत होती, जशी डेअरीत वाचायची.

"पुरवठादार," ती म्हणाली आणि थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता ही 'भूगोल' लिहिणार. तिने लेखणी टेकवली.

"सातिमकुल बैशेनोव."

बायकांच्या घोळक्यातून हाय निघाली. मास्तरांनी झटकन मान वर केली. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायची या माणसाची पहिलीच वेळ, आणि तेही गुन्हेगाराच्या रकान्यात.

"तारीख, सप्टेंबर १९७५. पोचलं आज. फॅट: पान एक ते तीनशे अकरा, पाणी. तीनशे बारा ते तीनशे चोवीस, चार पॉइंट नऊ. पुढे पुन्हा पाणी. आम्लता: तपासणाऱ्या बाईची जास्त होती. शेरा: पाणी सासूने घातलं नव्हतं." मग तिने 'परत' हा शब्द खोडला, दोनदा रेघ ओढून खोडला, पावतीला डिंक लावला आणि खिशातली सुरी काढून पुस्तकाची दोरी कापली. चार पॉइंट नऊ हा आमच्या वाचनालयातला सर्वांत मोठा आकडा आहे. पोस्टमनची कोंबडी गेली.

आणि एक गोष्ट घडली जी सारीबेलमध्ये कुठल्याच दोरी-कापणीत घडलेली नाही. मटण वाढलं जात असताना लोक पुस्तक उघडून तीनशे बारा शोधत होते. उपप्रमुखसुद्धा नखाने पानं सोडवत होते.

पुढच्या गुरुवारी मी एजेकडे गेले, तिने ठेवून घेतलेली दोन पुस्तकं आणायला. घरभर तळणीचा वास होता. बोरसोकचा ढीग टेबलावर, आणि गेलेल्यांच्या वाट्या ओळीने मांडलेल्या. सासूच्या वाटीत दुधाचा चहा होता, वर सायीचा गोळा तरंगत होता. मी त्याकडे बघतेय हे बघून एजे म्हणाली, "बरोबर अठ्ठावीस डिग्री. मोजून घेतलंय."

मास्तर टेबलाशी बसले होते. त्यांच्यापुढे कोरा चहा होता. मी दुधाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

"नको, जिपार," ते घाईघाईने म्हणाले. "मला परवानगी नाही."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं," एजे चुलीजवळून म्हणाली.

"एजे, मास्तर एक्काहत्तर वर्षांचे आहेत!"

"मग ऐंशीपर्यंत जगावं. मधेच सुटायचं नाही. मी एकटीने काय करायचं, पुस्तकं वाचत बसायचं?" तिने स्वतःसाठीही कोराच ओतून घेतला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मास्तरांनी वाटी संपवली आणि तिच्यापुढे धरली. एजेने ती अर्धीच भरली.